आमच्या खाचरातलं तळं

परवा भोरहून नसरापूरला येताना गाडी बदलायला कापूरहोळच्या फाट्यावर उतरले, तर शेजारी पेंढ्याने भरलेला टेम्पो उभा होता. ड्रायव्हर चहा प्यायला गेला असावा. वर टाकलेल्या ताडपत्रीचा एक कोपरा सुटून फडफडत होता आणि प्रत्येक फडफडीसरशी वास येत होता. दोन दिवस उन्हात पडलेल्या भाताच्या पेंढ्याचा. थोडा गोड, थोडा नाकात खाजवणारा. वडापच्या जीपमध्ये जागा धरायची सोडून मी तिथंच उभी राहिले. दोन गाड्या भरून निघून गेल्या.

सुगी आली म्हणायची. कॉलेजात सुगीचं काही चिन्ह नसतं. तिथं या दिवसांत जर्नलवर सह्या घ्यायच्या असतात, प्रॅक्टिकलच्या तारखा लागलेल्या असतात. वेल्ह्याकडच्या मुली सोमवारी जरा उशिरा येतात आणि त्यांच्या हातांवर भाताच्या पातीचे बारीक ओरखडे असतात, एवढीच खूण. माझ्या हातांवर हल्ली तेही नसतात. मला आठवते ती सुगी मागच्या वर्षीची. खरं तर तिच्या पोटात आणखी एक सुगी आहे, मी बारावीला होते तेव्हाची. हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी काही लेखक नाही. मी तक्रारींना उत्तरं लिहिते.

नसरापूरच्या बाजारात बियाणांच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथं संदीपदादांचं काम चालतं. दादा पुण्यात नोकरी करून, तिला कंटाळून परत आलेले. कॉलेज सांभाळून आठवड्यातले तीन दिवस मी तिथं जाते. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक खेळ असतो. उडवणाऱ्यांना त्याला खेळ म्हटलेलं आवडत नाही, ते फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. त्यात सगळी पृथ्वी असते, पण आपला भाग म्हणजे नुसता हिरवट-तपकिरी पसारा. राजगड आणि शेजारची बिननावाची टेकडी, दोन्ही सारखीच गोल. दादांना ते सहन झालं नाही. त्यांनी उपग्रहावरून काढलेले फोटो घेऊन आपल्या खोऱ्याचं अ‍ॅड-ऑन केलं. म्हणजे मूळ खेळाला वरून जोडायचा एक तुकडा. तो जोडला की राजगडाच्या माच्या दिसतात, तोरणा दिसतो, धरणाचं पाणी, नसरापूरचा रस्ता, रस्त्यावर एस.टी. आणि डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांची भातखाचरं.

ही खाचरं कायम पिवळी असतात. पावसाळ्यात इकडं ढगच ढग, उन्हाळ्यात सगळं भाजलेलं. स्वच्छ फोटो मिळाले ते कार्तिकातले. म्हणून जगात कुठूनही, कुठल्याही महिन्यात कुणी आमच्या खोऱ्यावरून विमान नेलं, तरी खाली सुगीच चाललेली असते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा भोरच्या वसतिगृहावर परतताना वाटभर तेच मनात होतं.

लोक मात्र तक्रार करतात. जुलैत भात पिवळं कसं? नसरापूरजवळ एस.टी. रस्त्यापासून हातभर वर तरंगते, असं का? "पावसाळ्यानंतर बरंच आहे की, खड्डे लागत नाहीत," दादा म्हणाले आणि मग दोन दिवस खपून त्यांनी ती खाली आणली. एका शाळेच्या छपरातून आंब्याचं झाड वर आलं होतं. एका गृहस्थांनी सकाळी राजगडाची सावली कुठे पडायला हवी त्याची आकृती काढून पाठवली होती, आणि ती बरोबर होती.

तक्रारी येतात इंग्रजीत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. इंग्रजीतला प्रत्येक शब्द मी आधी कागदावर लिहून, खोडून, पुन्हा लिहून मग टाइप करायची. पहिल्या तक्रारीच्या चार ओळींच्या उत्तराला एक अख्खी दुपार लागली. समोरचा माणूस मला "प्रिय महोदय" म्हणायचा. मी कधी दुरुस्त केलं नाही. महोदय असण्यात थोडा धीर यायचा.

तक्रारींना आमच्या कामात तिकीट म्हणतात. मी घरी सांगितलं, आज सहा तिकिटं केली, तर आई म्हणाली, "म्हंजी कॉलेज सोडून कंडक्टर झालीस व्हय गं?"

आण्णांना मात्र लगेच समजलं. आण्णा म्हणजे माझे वडील. मी कॉलेजला गेले त्याच वर्षापासून ते पुण्यात एका सोसायटीत वॉचमन आहेत. फोनवर म्हणाले, "मंग तुझं आन् माझं काम येकच की. हितं लिफ्ट बंद पडली की माज्यावर, पानी आलं न्हाई की माज्यावर. जसं काय म्याच टाकीत बसून पितो."

"मग तुम्ही काय म्हणता त्यांना?"

"आदी समदं ऐकून घ्यायचं. मदी बोलायचं न्हाई. मग म्हनायचं, व्हय साहेब, तुमी म्हंता ते खरं हाये. खरं आसंल तरच, बरं का. आन् आपल्याला जे ठावं न्हाई ते ठावं न्हाई म्हनायचं. मानूस निम्मा तितंच गार व्हतो."

मी ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. त्या वहीत त्याच्या वरच्या पानावर डेटाबेसच्या व्याख्या आहेत. अजूनही उत्तर लिहायच्या आधी मी खालचं पान वाचते.

दादांचाही एक नियम होता. तक्रार सुटली असं लिहायच्या आधी स्वतः विमान घेऊन त्या जागेवरून जायचं, डोळ्यांनी बघायचं, मगच "सुटली" म्हणायचं. मला हा नियम फार आवडायचा, कारण त्यामुळे विमान उडवायला मिळायचं. खऱ्या विमानात मी अजून बसलेले नाही. पण डावीकडे तोरणा ठेवून गुंजवण्याकडे वळताना मी खुर्चीतच त्या बाजूला कलते.

सगळ्यात जास्त तिकिटं असायची निळ्या रंगाची. फोटोत जे निळं दिसेल त्याला आमचा प्रोग्राम पाणी समजतो. मग तिथं खरोखरीचं पाणी तयार होतं, त्यात ढग दिसतात, ऊन चमकतं. धरणाला हे शोभतं. पण कापूरहोळच्या एका ढाब्याचं निळं छप्पर तळं झालं होतं, कुठे निळे पत्रे, कुठे ताडपत्र्या. त्यावर उपाय ठरलेला होता: निळं पुसायचं आणि शेजारचं शेत त्याच्यावर ओढून घ्यायचं. निळं तसंच ठेवलं, तर पुढच्या वेळी प्रोग्राम पुन्हा त्याचं पाणी करणार. मी भराभर पुसायची. एका शनिवारी इतक्या ताडपत्र्या पुसल्या की डोळे मिटले तरी पिवळं ओढतेय असं वाटत होतं. त्या कुणाच्या ताडपत्र्या, त्यांच्याखाली काय होतं, असा विचार तेव्हा एकदाही मनात आला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

मग मागच्या वर्षी, सुगीच्याच दिवसांत, एका म्हाताऱ्या गृहस्थांची तक्रार आली. ते दूर थंडीच्या देशात राहतात. त्यांच्याकडे पाण्यावर उतरणारं हेलिकॉप्टर होतं, अर्थात सिम्युलेटरमधलं, आणि आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक पाण्यावर एकेकदा उतरायचं असा त्यांनी नेम केला होता. दादा त्यांना हेलिकॉप्टरवाले काका म्हणायचे. काकांनी लिहिलं होतं की, धरणाच्या वर, डोंगरउतारावर एक अगदी लहान तळं आहे. मी तिथं उतरायला गेलो तर हेलिकॉप्टर कलंडून आपटलं. पाणी उतारावर थांबतंच कसं? आणि तळ्याचा एक कोपरा कात्रीने कापल्यासारखा का आहे?

जागेचे आकडे दिले होते. मी नसरापूरवरून विमान उचललं, रस्ता धरला, मार्गासनी मागे टाकली. गुंजवण्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला आले. पहिला ओढा, दुसरा ओढा, टाकीचा चौथरा. मी वेग कमी करत गेले, कारण मला ती वाट पाठ होती. फक्त मी ती कधी वरून पाहिली नव्हती. पिवळ्या पायऱ्या, त्यांतली खालून तिसरी आमची. तिच्या कोपऱ्यात एक निळं तळं, त्यात एक पांढरा ढग. आणि तळ्याचा एक कोपरा कापलेला.

तो कोपरा आईने कापला होता. मी अकरावीला जायला लागले तेव्हा, पुस्तकं पावसात भिजू नयेत म्हणून, माझ्या दप्तरावर घालायला.

ती ताडपत्री म्हणजे मुळात दोन. एक आमची जुनी, एक आण्णांनी नसरापूरच्या बाजारातून आणलेली. आईने दाभण आणि सुतळीने त्या मधोमध शिवून एक केल्या. शिवल्यावर तिची इतकी जपणूक झाली की तिच्यावर चप्पल घालून पाय ठेवायची कुणाला परवानगी नव्हती. बारावीच्या वर्षी भात कापून खाचरात पसरलं होतं आणि दुपारी तोरण्याच्या बाजूने आभाळ काळं होऊन आलं. शेजारी आपापल्या भातामागे, कुणी कुणाला बोलवायला जाणार? आम्ही तिघंच. पेंढ्या उचलायच्या, कोपऱ्यात आणून रचायच्या, पुन्हा पळायचं. पातीने हात चिरत होते आणि ते संध्याकाळपर्यंत समजलंही नाही. शेवटची पेंढी ठेवली आणि ताडपत्री ओढली, तोवर थेंब सुरू. कडांवर ठेवायला दगड पुरेनात. तेव्हा आण्णा सरळ ताडपत्रीखाली शिरले आणि आतून दोन्ही हातांनी कड धरून बसले. तासभर पाऊस पडला. आई आणि मी बांधावरच्या आंब्याखाली. मध्येच ताडपत्रीच्या आतून आण्णांनी मला हाक मारली, "सारे, च्या झाला का?"

आई म्हणाली, "आदी भाईर तर या."

"भाईर पाऊस हाये गं, आत लई मजा हाये."

पाऊस थांबल्यावर ते बाहेर आले. केसांत पेंढ्याच्या काड्या, अंगाला वाफ. ताडपत्रीच्या दोऱ्या आवळता आवळता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पुढल्या सालापास्नं म्या पुन्याला जातो. तू भोरला जा. फारम भर." आमचं वावर धरणाच्या वर. खाली डोळे दिपतील एवढं पाणी, वर आम्हाला पावसाचं एक भात. ते झालं की जमीन पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहते. आण्णांनी आयुष्यभर त्या उतारावर पाणी आणायचे बेत केले होते. त्यातला शेवटचा बेत त्यांनी त्या संध्याकाळी मोडला, माझ्यासाठी. मी "बरं" म्हणाले की नुसती मान हलवली, ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं लख्ख होतं. तरी आण्णांनी ताडपत्री दोन दिवस काढू दिली नाही. त्या दोन दिवसांत कधीतरी वरून फोटो काढला गेला असणार.

त्यानंतर ते खाचर पिकलं नाही. आई एकटी किती करणार? आता तिथं गवत असतं. जगात एकाच ठिकाणी त्यात अजून भात आहे, आणि ती जागा पुसायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी पुसलं नाही. आठवडाभर ती तक्रार उघडायची आणि बंद करायची. विमान घेऊन जायची, खाचरावर दोन-तीन घिरट्या घालायची आणि परत यायची. मग एका दुपारी दादा म्हणाले, "हेलिकॉप्टरवाल्या काकांचं काय झालं?" आणि मी काही न करता, काहीच न बदलता, "सुटली" असं लिहून टाकलं. काकांना दोन ओळींचं उत्तर पाठवलं: आपण दाखवलेला दोष दूर केला आहे, आभारी आहोत. व्याकरणात एकही चूक नव्हती. ते मी लिहिलेलं पहिलं बिनचूक इंग्रजी पत्र असेल, आणि ते खोटं होतं.

चार दिवसांनी काकांचा मेल आला. थेट दादांना. त्यांनी अ‍ॅड-ऑन नव्याने उतरवून घेतलं होतं, पुन्हा गेले होते, पुन्हा आपटले होते. त्यांनी रागावून काही लिहिलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं की, तळं अजून आहे. कदाचित माझ्याच काही समजण्यात चूक होत असेल.

दादांनी मला बोलावलं. "तू जाऊन बघितलं होतंस?"

"बघितलं होतं."

"पुसलंय असं दिसलं?"

"नाही."

"मग?"

खाली दुकानात कुणीतरी हरभऱ्याच्या बियाण्याची चौकशी करत होतं, ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. दादांनी काकांचा मेल पुन्हा उघडला. मग म्हणाले, "सारिका, काम राहिलं तर मी समजू शकतो. पण तो माणूस आता स्वतःलाच चुकीचा समजतोय बघ. हे मला नाही आवडलं." लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाले, "शनिवार-रविवार घे. सोमवारी मला सांग काय करायचं ते."

कारण त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रडले असते.

त्या रविवारी आण्णा घरी आले होते. दिवाळीत सोसायटीतली माणसं गावी जातात, तेव्हा वॉचमनला सुट्टी मिळत नाही; त्याची दिवाळी नंतर येते. ओट्यावर उन्हात लॅपटॉप ठेवला. काही दिसेना, म्हणून आईने वर चादर धरली. आम्ही तिघं चादरीखाली.

"आण्णा, ह्ये बगा. नसरापूर."

"आरं! ह्यो तर बाजार. ती बग, आपली येस्टी."

मी हळूहळू नेलं. ते वळणं ओळखत होते, माझ्या आधी. ओढा आला तसे पुढे वाकले. खाचरं दिसली. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि पडद्याला टेकवलं नाही, तसंच हवेत धरलं.

"ह्ये आपलं."

"व्हय."

"ह्ये पिकल्यालं हाये."

"व्हय, आण्णा."

"आन् ह्ये पानी कसलं?"

मी सगळं सांगितलं. ताडपत्री, प्रोग्राम, ते काका, त्यांचं हेलिकॉप्टर दोनदा आपटलं ते. आण्णा आधी कळल्यासारखं मान हलवत होते, मग त्यांना हसू फुटलं. "आमच्या ताडपत्रीवर हेलिकाप्टर! आन् हिनं माज्या मेव्हण्याला चपला काढाय लावल्या व्हत्या."

आई म्हणाली, "मंग? शेणाच्या व्हत्या त्या."

"आगं पन त्या बाबाला कुनी सांगिटलं तितं पानी हाये म्हनून?" हसता हसता आण्णा म्हणाले, "तितं पानी आसतं, तर म्या कशाला वॉचमन झालो आसतो?"

त्यांना तो विनोद वाटला होता. स्वतःच पुन्हा एकदा हसले. आई हसली नाही. तिने चादर थोडी वर केली आणि बाहेर बघत राहिली.

जरा वेळाने ते म्हणाले, "फुसून टाक ते. न्हाई ते पानी लोकास्नी दावू नगं. येखादा तान्हेला भरवशावर यायचा. तो म्हातारा बग, दोन बारीला आपाटला."

"पण पुसलं की ताडपत्रीबी जाती, आण्णा. भातबी जातं. शेजारचं शेत वर येतं."

ते पुन्हा बोट पुढे करून बघत राहिले. म्हणाले, "म्या दिसत न्हाई ह्यात?"

"तुम्ही कदाचित आत आसाल. खाली."

"मंग बेस झालं. अंगात धड बंडीबी नव्हती."

आई तेव्हा बोलली. चादर धरूनच. "ताडपत्री न्हाई फुसायची. म्या शिवलीया ती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पानी तेवढं काड की. शिकलीस ना येवढी?"

सोमवारी मी दादांना सगळं सांगितलं. उभ्यानेच, आणि घरी बोलते तशा बोलीत. आधी ठरवलेलं सगळं प्रमाण मराठी विसरले. दादांनी पडद्यावर ती जागा काढली, बराच वेळ बघितली. म्हणाले, "खुर्ची घे. आपण अपवादाची यादी करू." म्हणजे प्रोग्रामला सांगायचं की सगळीकडे निळं म्हणजे पाणी, पण या जागी नाही. हे कधीही करता आलं असतं. फक्त एकेक जागा हाताने लिहावी लागते आणि हाताने लिहायला आम्हाला कधी सवड नव्हती. यादीतली पहिली ओळ मी लिहिली. प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायची पद्धत असते. मी लिहिलं: ही ताडपत्री आहे.

पुढच्या शनिवारी मी पुसलेल्या जुन्या ताडपत्र्या शोधत बसले. जेवढ्या सापडल्या तेवढ्या परत आणल्या, त्यांचीही एकेक ओळ केली. सगळ्या सापडल्या नाहीत.

मग काकांना पत्र लिहिलं. आण्णांच्या पद्धतीने: आधी ऐकलं, मग तुम्ही म्हणता ते खरं आहे म्हटलं. तुमच्या समजण्यात चूक नव्हती, मीच खोटं लिहिलं होतं. तिथं पाणी नाही, कधीच नव्हतं. ती माझ्या आईवडिलांची ताडपत्री आहे, फोटो निघायच्या आधी पाऊस आला होता. कोपरा का कापलेला आहे, तेही लिहिलं. पत्र लांबलं आणि व्याकरणाच्या चुका राहिल्याच असतील. या वेळी मी ते कागदावर आधी लिहिलं नव्हतं.

त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. आता त्यावरून गेलो, छान दिसतं. पण एक सांगा, भात भिजलं का?

तक्रारींच्या कामात मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर शोधायला कॉम्प्युटर लागला नाही. तरी खात्री केलेली बरी म्हणून आण्णांना फोन केला. मागे कुणीतरी लिफ्टविषयी ओरडत होतं. "येक मिन्ट, साहेब," त्यांनी त्या माणसाला म्हटलं, आणि मला म्हणाले, "येक पेंढी न्हाई भिजली, सांग त्याला. येकसुदीक न्हाई." आवाजात इतका रुबाब होता की, क्षणभर ते सोसायटीच्या दारात उभे आहेत हे मी विसरले.

हे सगळं गेल्या वर्षीचं. परवा कापूरहोळला उभं राहून तिसऱ्या वडापमध्ये जागा मिळाली, नसरापूरला उतरले, काम केलं आणि शनिवारी घरी गेले. वाटेत दोन्ही बाजूंना पिवळं. कुठे झोडणी चाललेली, धूळ उन्हात उभी. आमच्या खाचरात कमरेएवढं गवत आहे. ते कापून आई गोठ्यात टाकते. ताडपत्री गोठ्याच्या छपरावर आहे. उन्हाने तिचा निळा रंग इतका उडालाय की वरून कुणी फोटो काढला तर प्रोग्राम तिला पाणी समजणार नाही. शिवण मात्र धरून आहे. मी गोठ्याच्या दाराशी जाऊन तिचा वास घेतला. पेंढ्याचा नव्हता. नुसत्या तापलेल्या प्लास्टिकचा होता.

कधीतरी नवे फोटो येतील. येणारच, लोकांना नवे रस्ते हवे असतात आणि ते मागणं रास्त आहे. तेव्हा आमचं खाचर गवताचं दिसेल, आणि त्या दिवशी यादीतली पहिली ओळ मीच काढीन. खोटं ठेवायचं नाही, एवढं आता कळलंय. जुन्याची प्रत माझ्याकडे ठेवता येईल, पण मग त्यावरून फक्त मीच जाणार. आज कुणीही जातं. कुठल्या तरी देशातलं कुणीतरी जेवण झाल्यावर सहज विमान काढतं आणि त्याला आमची सुगी दिसते.

नेहमीच्या तक्रारींची उत्तरं आता माझ्याकडे तयार असतात. उचलायची, चिकटवायची, पाठवायची. फक्त मधूनमधून कुणीतरी नवा माणूस विचारतो की, गुंजवण्याच्या वर, तिसऱ्या पायरीवर ते निळं काय आहे? त्याचं उत्तर मी साठवून ठेवलेलं नाही. ते दर वेळी नव्याने टाइप करते, सावकाश, एकेक शब्द.

ती ताडपत्री आहे. तिच्याखाली भात आहे. भिजलेलं नाही.